एकास सत्त्याऐंशी

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात लाँग विटनहॅम नावाचं खेडं आहे. तिथल्या पेंडन म्युझियममध्ये एक अख्खं खोरं दालनात मांडून ठेवलेलं आहे. हे व्हाइट हॉर्स टेकडीखालचं खोरं, १९२० आणि १९३० च्या दशकांत जसं होतं तसं. शेतं, कुंपणं, परसबागा, गवताने शाकारलेली घरं आणि मधून जाणारा रेल्वेमार्ग. सगळं फुटाला चार मिलिमीटर या मापाने, म्हणजे साधारण १:७६. या मापात धडधाकट माणूस अडीच सेंटिमीटरही भरत नाही. गाड्या धावतात, पण या कामाचा जीव घरांत आहे.

रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आला आणि या खोऱ्याच्या प्रेमात पडला. त्याच्या डोळ्यांदेखत खोरं बदलत होतं. गवती छपरं उतरत होती, जुन्या घरांवर नवं साहित्य चढत होतं. ती घरं वाचवणं त्याच्या हातात नव्हतं, पण त्यांची मापं घेणं होतं. त्याने घरं मोजली, भिंतींचे रंग टिपले आणि पुठ्ठ्यातून ती पुन्हा उभी करायला घेतली. पुठ्ठ्यावर वीट न् वीट कोरायची आणि मग एकेक वीट वेगळी रंगवायची, अशी त्याची रीत. एका घरामागे महिनेच्या महिने जात. १९५४ मध्ये म्युझियमचा पाया घातला गेला, मदतीला स्वयंसेवक येत गेले. रॉय इंग्लंड १९९५ मध्ये वारला, काम आजही चालू आहे. मॉडेलमधलं 'पेंडन पार्वा' हे गाव नकाशावर सापडणार नाही. त्यातली घरं मात्र त्या खोऱ्यातल्या खऱ्या घरांवरून, मापं घेऊन केलेली आहेत.

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंजिन येतं. त्याच्या भोवतीचा डोंगर, स्टेशन, झाडं, गुदाम या सगळ्याला छंदवाले 'सीनरी' म्हणतात, आणि बरेच जण ती उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशांत उरकतात. पेंडन पाहिलं की हा क्रम उलटा करावासा वाटतो. इंजिन कारखान्यात बनतं आणि दहा ठिकाणी सारखंच दिसतं. गाडी कुठे धावते आहे, कोणत्या सालात, कोणत्या महिन्यात, हे सांगते ती सीनरी. ती नेमकी केली तर एका जागेचा दस्तऐवज तयार होतो. महाराष्ट्रातल्या छोट्या रेल्वेमार्गांचा असा दस्तऐवज करण्याची वेळ आता आलेली आहे.

रुळांभोवतीचं जग

सीनरीला मान मिळवून देणाऱ्यांत पहिलं नाव जॉन अहर्न यांचं. त्यांच्या 'मॅडर व्हॅली रेल्वे'त १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून रूळ, गाव, नदी, गिरणी असं सगळं एकाच चित्राचे भाग म्हणून उभं राहत गेलं. तोवर लेआउट म्हणजे टेबलावर रुळांचं जाळं आणि कडेला दोन-चार घरं. अहर्न यांनी गाव आधी मनात वसवलं आणि गाडी त्या गावाची म्हणून आणली. इमारती आणि भूभाग कसे करावेत यावर त्यांनी लिहिलेली पुस्तकं पुढच्या पिढ्यांच्या हाताशी राहिली. त्यांच्या मृत्यूनंतर मॅडर व्हॅली पेंडनमध्येच जतन झाली.

अमेरिकेत हेच काम जॉन अ‍ॅलन यांनी वेगळ्या अंगाने केलं. ते व्यवसायाने छायाचित्रकार. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या घराच्या तळघरात त्यांनी 'गोरी अँड डॅफेटिड' हा डोंगरी रेल्वेमार्ग उभारला. जमिनीपासून छतापर्यंत कडे, त्यांवर पूल, पुलांखाली दऱ्या. मागच्या बाजूच्या वस्तू लहान मापात करून दूरचा आभास निर्माण करणं, आरसे लपवून रस्ता दुप्पट लांब दाखवणं, या युक्त्या त्यांनी कसबाने वापरल्या. त्यांची मोठी देणगी मात्र वेगळी: जुनेपणा. डब्यावरचा गंज, छपरावरची काजळी, उन्हाने विटलेलं लाकूड हे सगळं रंगाने आणायचं, म्हणजे वस्तूला वय येतं, हे त्यांनी करून दाखवलं. जानेवारी १९७३ मध्ये अ‍ॅलन वारले आणि दहा दिवसांनी घराला लागलेल्या आगीत लेआउट जळून गेला. आज त्यांचं काम आपल्याला कळतं ते त्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंमुळे. मॉडेलचीही नोंद ठेवावी लागते, हा धडा त्यातून घ्यायचा.

हॅम्बुर्गचं मिनियातुर वुंडरलांड हे या छंदाचं सगळ्यात भव्य रूप. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ते २००१ मध्ये जुन्या गोदामांच्या वस्तीत सुरू केलं. माप १:८७, माणसांच्या पुतळ्या दोन लाखांहून जास्त, आणि दर पंधरा मिनिटांनी तिथे मांडलेल्या सगळ्या देशांवर रात्र उतरते. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल बदलतात, उड्डाणपुलाखालून गाड्या जातात, सर्कशीचा तंबू आहे, दिवे मंदावले की शहरात रात्र होते. पुण्यात वाढलेल्या कितीतरी मुलांना मॉडेल रेल्वे म्हणजे काय हे पहिल्यांदा तिथेच कळलं.

किल्ला करणारे हात

मराठी माणसाला सीनरी परकी नाही, हे दिवाळी अंकात लिहिताना आवर्जून सांगायला हवं. दिवाळीचा किल्ला आठवा: दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट टाकायचं, वरून माती लिंपायची, बुरूज चढवायचे आणि उतारावर हळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवा. आता 'मॉडेल रेलरोडर' मासिकाचे संपादक लिन वेस्टकॉट यांनी रूढ केलेली 'हार्डशेल' पद्धत पाहा. वर्तमानपत्राच्या बोळ्यांचा उंचवटा करायचा, कागदी टॉवेल प्लॅस्टरमध्ये बुडवून त्यावर पसरायचे, कवच घट्ट झालं की आतले बोळे काढून घ्यायचे. गोणपाटाच्या जागी टॉवेल आणि चिखलाच्या जागी प्लॅस्टर, बाकी कृती तीच. अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाच्या हातांना ही कला अर्धी येते.

उरलेली अर्धी म्हणजे माप. किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच चालतो, तोफ बुरुजाएवढी चालते. मॉडेलमध्ये एकदा १:८७ ठरलं की सगळं जग त्या भागाकाराला बांधलं जातं. दरवाजा दोन मीटर दहा सेंटिमीटर असेल तर मॉडेलमध्ये २४ मिलिमीटर. पंधरा मीटर उंचीचं चिंचेचं झाड सव्वासतरा सेंटिमीटर. इथे बहुतेक जण कच खातात. बोटभर उंचीची झाडं लावतात आणि मग स्टेशनशेजारी झुडपं उगवल्यासारखं दिसतं. खरं झाड इमारतीच्या कितीतरी वर जातं, हे रोज बघूनही डोळ्यात भरत नाही, आणि हातात मोजपट्टी घेतल्यावर लक्षात येतं.

लांबीचा हिशेब त्याहून कठीण. २४ मीटरचे बावीस डबे म्हणजे १:८७ मध्ये सहा मीटरांहून लांब गाडी, आणि दिवाणखाना तेवढा असेलच असं नाही. नेरळ ते माथेरान हे वीस किलोमीटर मापात बसवायचे तर दोनशे तीस मीटर जागा लागेल. म्हणून निवड करावी लागते. गाडी सात डब्यांची, फलाट दोन मीटरांचा, पण फलाटाची उंची, छपराचा उतार आणि खांबांची जाडी बरहुकूम. लांबी कमी केली तरी डोळा माफ करतो, जाडी चुकली की लगेच अडखळतो.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न तर खास आपला. एचओ, म्हणजे १:८७ मापाचा बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी केलेला आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे १:८७ मध्ये ती १९.३ भरते. तयार रुळावर भारतीय डबा ठेवला की तो किंचित अरुंद पायांवर उभा दिसतो. बहुतेकांनी ही तडजोड स्वीकारलेली आहे. नॅरोगेजची गोष्ट मात्र सुखाची. ७६२ मिलिमीटरचा मार्ग १:८७ मध्ये ८.७६ भरतो, आणि एन या आणखी लहान मापाचा तयार रूळ ९ मिलिमीटरचा मिळतो. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. बार्शी लाइट, पाचोरा-जामनेर, शकुंतला हे महाराष्ट्रातले तिन्ही लाडके मार्ग नेमके ७६२ मिलिमीटरचे. आपल्या मातीतलं काही करायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

डोंगर आपला हवा

तयार सामान घ्यायला गेलं की अडचण समोर येते. फालर ही नामांकित कंपनी १९४६ साली जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या गुटेनबाखला सुरू झाली, आणि तिच्या खोक्यांतली घरं साहजिकच तिकडची आहेत. बर्फ घसरून जावं म्हणून उभट छपरं, लाकडी सज्जे. झाडं सूचिपर्णी. खडकांचे साचे तिरक्या थरांच्या डोंगरांचे. यातून कितीही मन लावून लेआउट केला तरी कर्जत-खंडाळा उभं राहत नाही.

सह्याद्री आडवा आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसून तो झाला. कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा पायऱ्या लांबूनही दिसतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, घाटात डोंगर कापलेला असतो तिथे तो स्पष्ट दिसतो. मॉडेल करणाऱ्याला ही रचना सोयीची आहे. फोमच्या शीटा आडव्या रचत गेलं की डोंगराचा सांगाडा आपोआप सह्याद्रीच्या वळणाचा होतो. २५ मिलिमीटरची शीट म्हणजे जवळजवळ सव्वादोन मीटर उंचीचा थर. सगळ्या शीटा सारख्या जाडीच्या घेतल्या तर जिना दिसेल, म्हणून जाडी बदलायची, कड्याच्या जागी सुरीने उभा छेद द्यायचा आणि तारेच्या ब्रशने खरवडायचा. उताराच्या जागी प्लॅस्टर ओढायचं. चिकटवायला फेव्हिकॉलच, कारण सॉल्व्हंटचे गोंद फोम खाऊन टाकतात.

रंगात पहिला मोह काळ्याचा. खडक काळा म्हणतो आपण, पण उन्हातला कातळ राखाडी-तपकिरी असतो. राखाडी तळ द्यायचा, पाण्यासारखा पातळ काळपट रंग वरून सोडायचा म्हणजे तो भेगांत उतरतो, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखी रंग कडांवर नुसता पुसायचा. मग दगडाला उन्हाची बाजू आणि सावलीची बाजू मिळते.

त्याआधी एक निर्णय घ्यायचा असतो: महिना कोणता? सह्याद्री महिन्यागणिक रंग बदलतो. जुलैत सगळं हिरवं, कड्यावरून पांढऱ्या धारा. नोव्हेंबरात गवत सोनेरी. मार्चमध्ये वणव्याचे काळे डाग. कारवी फुलते त्या वर्षीचा पावसाळा सरताना उतारांवर जांभळा रंग चढतो. महिना ठरला की गवताची उंची ठरते, ओढ्यात पाणी की नुसते गोटे हे ठरतं, पुतळ्यांच्या हातात छत्री द्यायची की नाही हे ठरतं. महिना न ठरवता केलेली सीनरी कुठलीच राहत नाही.

गवत उभं करायची युक्ती सुरेख आहे. नायलॉनच्या बारीक तंतूंना उच्च दाबाचा विद्युतभार दिला की ते ओल्या गोंदात सरळ उभे रोवले जातात. यासाठीचं यंत्र महाग असतं, म्हणून हौशी मंडळी डास मारायच्या बॅटचं सर्किट काढून त्याला चहाची स्टीलची गाळणी जोडतात. एक तार गाळणीला, दुसरी गोंदात टोचलेल्या खिळ्याला. या सर्किटचा झटका जोरदार बसतो, तेव्हा बटण सोडल्यावरही तारांना हात लावताना जपायचं. झाडांसाठी जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून खोड करायचं आणि फांद्या सोडत जायचं. वडाला पारंब्या सोडायच्या, बाभळीला छत्रीसारखा चपटा माथा द्यायचा. पानांसाठी स्पंज मिक्सरमधून बारीक करून रंगवला की काम भागतं. हिरवा मात्र एकच वापरायचा नाही, आंब्याचा हिरवा वेगळा आणि कडुनिंबाचा वेगळा.

खडीचंही गणित करावं. रुळांखालची खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची धरली तर १:८७ मध्ये तो दाणा पाऊण मिलिमीटरचा होतो. म्हणजे वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यायची. रुळांत पसरून ब्रशने नीट बसवायची, पाण्याचा फवारा द्यायचा, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या द्रवाचा थेंब टाकून ड्रॉपरने सोडायचं. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि गोंद दाण्यांवर गोळा न होता आत झिरपतो. रात्रभर हात लावायचा नाही.

हजार कौलं

माझं आवडतं काम छपराचं. घाटावरच्या लहान स्टेशनाची एक खोली, व्हरांडा आणि वर दोनपाखी कौलारू छप्पर, एवढंच डोळ्यांसमोर आणा. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि २३ रुंद असतं. १:८७ मध्ये ते तांदळाच्या लहान दाण्याएवढं, पावणेपाच मिलिमीटर बाय अडीचहून थोडं जास्त. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं बसतात. आठ मीटर लांब आणि चार मीटर उताराचं एक पाखं धरलं तर त्यावर चारशेऐंशी, दोन्ही पाख्यांवर मिळून हजाराच्या घरात.

एकेक कौल कापून चिकटवणारे आहेत. मी जाड कागदाच्या पट्ट्या करतो. पट्टीवर रिकाम्या बॉलपेनने दाबून कौलाच्या खाचा उमटवायच्या, खालच्या काठाला दर अडीच मिलिमीटरांवर ब्लेडची टोच द्यायची. मग खऱ्या छपरासारखंच वळचणीकडून सुरू करून आढ्याकडे चढत जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर थोडी चढवायची. शेवटी आढ्यावरची कौलं बसवायची. वळचणीखाली वाशांची टोकं दिसली पाहिजेत, नाहीतर छप्पर हवेत ठेवल्यासारखं वाटतं.

मग रंग. एकसारखा विटकरी रंग दिला की छप्पर प्लॅस्टिकचं दिसतं. खऱ्या छपरावर दरवर्षीच्या शाकारणीची खूण असते. गेल्या वर्षी बदललेली कौलं लालभडक, जुनी काळपट, उत्तरेच्या पाख्यावर शेवाळाची हिरवट झाक. एखाद्या जागी पत्र्याचा तुकडा सरकवलेला असतो, उजेडासाठी एखादं काचेचं कौल असतं. तीन-चार छटा करून घ्यायच्या आणि बारीक ब्रशने मधूनमधून एकेक कौल वेगळं रंगवायचं. इथे घाई केली की कळते.

भिंतीसाठी पुठ्ठ्यावर पुट्टीचा मिलिमीटरभर थर देतो. ती अर्धी वाळली की सुईने दगडांचे सांधे कोरायचे. तीस सेंटिमीटरचा दगडाचा थर मॉडेलमध्ये साडेतीन मिलिमीटर. कोपऱ्याचे दगड मोठे आणि घडीव, मधले लहान. सांधे दोन्ही बाजूंना कोपऱ्यावर जुळले पाहिजेत, कारण खरा दगड कोपऱ्यातून वळतो. पत्र्याची शेड करायची असेल तर स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल आटे असलेल्या सळईवर दाबलं की पन्हळी उमटतात.

शेवटी वापराच्या खुणा. ब्रेक लागतात तिथल्या खडीवर लोखंडी तपकिरी भुकटी, वाफेचं इंजिन उभं राहतं तिथे काजळी, पाण्याच्या टाकीखाली ओल आणि गवत. खांबाच्या तळाशी पानाच्या पिचकाऱ्या. तिकिटाच्या खिडकीची कड हातांनी गुळगुळीत झालेली. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. या खुणा अंदाजाने केल्या तर खोट्या वाटतात. स्टेशनवर तासभर बसून पाहिलेल्या असतील तर त्या जागेवर बसतात.

काय मोजायचं

एव्हरार्ड काल्थ्रोप या इंग्रज इंजिनिअरने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूरला, दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरलेल्या गाड्या याच अडीच फुटी रुळांवरून गेल्या. याच काल्थ्रोपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे उभारली. ती तीस वर्षांत, १९३४ मध्ये बंद पडली. इंग्लंडमधले छंदवाले आजही तिची स्टेशनं आणि इंजिनं मापाबरहुकूम करत असतात. तिची थोरली बहीण बार्शी लाइट शतकाहून जास्त धावली, आणि तिचे मार्ग रुंद करताना जुने रूळ उखडले गेले. ब्रॉडगेज यायलाच हवी होती. लातूर आणि पंढरपूरला मुंबईच्या गाड्या थेट जातात, हे चांगलंच झालं. पण जुन्या स्टेशनाचं छप्पर कसं होतं, पाण्याची टाकी कुठल्या बाजूला होती, हे पुढच्या पिढीला सांगायला काय उरणार, हा प्रश्न राहतोच.

शकुंतला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची. तिची वाफेची इंजिनं १९९४ मध्ये निवृत्त झाली आणि पुढे गाड्याही थांबल्या. पाचोरा-जामनेरची गाडीही आता धावत नाही. ब्रॉडगेजच्या कामात जुन्या इमारती पाडल्या जातात, आणि ज्या पाडल्या जात नाहीत त्या पडतात.

म्हणून एक आग्रहाची विनंती. ज्याच्या गावाजवळ असं स्टेशन उभं आहे त्याने मोजपट्टी, वही आणि कॅमेरा घेऊन जावं, जिथे लागेल तिथे रीतसर परवानगी काढावी. इमारतीची लांबी, रुंदी, वळचणीची आणि आढ्याची उंची घ्यावी. दारं-खिडक्यांची मापं, गजांची संख्या, दगडांच्या थरांची उंची लिहावी. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी सरळ फोटो काढावेत, चौकटीत एक मीटरची पट्टी उभी ठेवून. छपराचा फोटो वेगळा, फरशीचा वेगळा. रंग ढगाळ उजेडात टिपावा, कारण कडक उन्हात तो फसवतो. झाड कोणतं आणि इमारतीपासून किती अंतरावर, हेही लिहावं. कुर्डुवाडी, पाचोरा, मूर्तिजापूर इथे या गाड्यांवर काम केलेली माणसं आहेत. सिग्नलचा दांडा कुठे होता, इंजिन पाणी कुठे घ्यायचं, फलाटावर चहाची टपरी कोणत्या टोकाला होती, हे त्यांना विचारून वहीत उतरवावं.

या वहीतून मॉडेल आज होईल किंवा तीस वर्षांनी होईल. ते करणारा मोजणाराच असायला हवा असंही नाही. पेंडनमध्ये एकाने घेतलेल्या मापांवर दुसऱ्याने घर उभं केलं आणि तिसऱ्याने त्याची बाग लावली, म्हणून एका माणसाची ओढ एका खोऱ्याचा दस्तऐवज झाली. आपल्याकडे शाळांमध्ये हस्तकलेचे तास आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत वस्तुसंग्रहालयं आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत डोंगर रचणारी मुलं घरोघर आहेत. त्यांच्या हाती स्टेशनांची मापं द्यायला हवीत, आणि ती घ्यायची तर इमारती उभ्या आहेत तोवरच घ्यावी लागतील.